गावापासून संसदेपर्यंत : कॅनडाच्या सार्वत्रिक आरोग्य विम्याची वाटचाल

घरात दुखणे आले की दोन प्रश्न एकाच वेळी उंबरठा ओलांडून आत येतात. माणूस बरा होईल ना, हा पहिला प्रश्न. आणि त्यासाठी पैसा कोठून उभा करावयाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र यथाशक्ती देत असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र ज्या त्या कुटुंबाने आपापल्या परीने शोधावे, अशीच जगात दीर्घकाळ रीत होती. कोणी जमीन गहाण टाकी, कोणी दागिने मोडी, तर कोणी डॉक्टरांकडे जाणेच लांबणीवर टाकी. विसाव्या शतकात अनेक राष्ट्रांनी या दुसऱ्या प्रश्नाचा भार सार्वजनिक तिजोरीवर घेण्याचे ठरविले.

या राष्ट्रांमध्ये कॅनडाची वाटचाल विशेष लक्षात घेण्याजोगी आहे; कारण तिचा प्रारंभ राजधानीत झाला नाही. गहू पिकविणाऱ्या एका प्रांतातील ग्रामीण पालिकेच्या बैठकीत तिचे बीज पडले आणि सुमारे पन्नास वर्षांनी ते देशाच्या संसदेत कायद्याच्या रूपाने वर आले. 'गाव करी ते राव न करी' अशी आपल्याकडे म्हण आहे. कॅनडात गावाने केले, मग प्रांताने केले आणि शेवटी देशाने केले. हा प्रवास कसा घडला, त्यात कोणते अडथळे आले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकदाता पद्धत म्हणजे काय?

इंग्रजीत 'सिंगल पेअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीला आपण 'एकदाता पद्धत' म्हणू. आरोग्यसेवेत तीन व्यवहार असतात : पैसा गोळा करणे, सेवा देणे आणि सेवेचे बिल चुकते करणे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा बहुतेक रुग्णालयेच शासनाच्या मालकीची झाली. जर्मनीत १८८३ पासून आरोग्य विमा सक्तीचा झाला. पण तेथे तो अनेक निरनिराळ्या निधींमार्फत चालतो. एकदाता पद्धत या दोहोंहून वेगळी आहे. तीत डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करू शकतो, रुग्णालय एखाद्या विश्वस्त मंडळाचे असू शकते, रुग्णाला आपला डॉक्टर निवडण्याची मोकळीक असते. मात्र बिल चुकते करणारा एकच असतो, आणि तो म्हणजे सार्वजनिक विमा निधी.

कॅनडातील रुग्ण डॉक्टरांकडे जातो तेव्हा आपले आरोग्यपत्र दाखवितो. तपासणी होते. डॉक्टर त्या पत्राचा क्रमांक नोंदवून प्रांताच्या योजनेकडे बिल पाठवितो आणि ठरलेल्या दरपत्रकानुसार त्याला पैसे मिळतात. हे दरपत्रक प्रांतिक शासन आणि डॉक्टरांची संघटना यांच्या वाटाघाटीतून ठरते. रुग्णालयांना मुख्यतः वार्षिक अंदाजपत्रकाच्या स्वरूपात रक्कम मिळत आली आहे. रुग्णाच्या हाती बिल पडतच नाही.

एकाच थैलीतून व्यवहार केल्याने साधते काय? पहिली गोष्ट अशी की, गावात एका वर्षी दहा माणसे गंभीर आजारी पडतील हे सांगता येते. ती दहा कोण, हे सांगता येत नाही. म्हणून सर्वांनी थोडे थोडे घालावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याच्यासाठी ते वापरावे. थैली जितकी मोठी, तितका हा भार हलका. धडधाकटांची एक थैली आणि आजाऱ्यांची दुसरी असे झाले, तर दुसरी थैली केव्हाच रिकामी होते. दुसरी गोष्ट, एकच देणारा असला म्हणजे त्याला दर ठरविताना वजन राहते. तिसरी गोष्ट, कोणाचा विमा कोठे, त्यात काय बसते, काय बसत नाही, या हिशेबाची यातायात वाचते. अमेरिका आणि कॅनडा यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. १९९९ च्या आकडेवारीवरून त्यात असे दिसले की, अमेरिकेत आरोग्यावरील खर्चापैकी ३१ टक्के रक्कम प्रशासनावर जात होती, तर कॅनडात १६.७ टक्के.

डॉक्टर टिकविण्यासाठी पालिकेचा ठराव

सस्कॅचेवान हा कॅनडाच्या मध्य-पश्चिमेकडील प्रांत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र १९६१ च्या जनगणनेत अवघी सव्वानऊ लाख. सपाट माळरान, दूरदूर विखुरलेली शेतकरी घरे, कडाक्याचा हिवाळा आणि सारा संसार गव्हाच्या एका पिकावर अवलंबून. पीक बुडाले की शेतकऱ्यांकडून डॉक्टरला पैसे मिळत नसत, आणि पैसे मिळाले नाहीत की डॉक्टर गाव सोडून जाई.

असाच प्रसंग १९१४-१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेवर आला. तेथील डॉक्टर जाण्याच्या बेतात होता. पालिकेच्या सभासदांनी ठराव केला : डॉक्टरला पालिकेच्या निधीतून वर्षाला १,५०० डॉलर द्यावयाचे, आणि त्याने येथेच राहावयाचे. ही रक्कम जमिनीवरील करातून उभी राहावयाची होती. असे करण्यास कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. १९१६ साली प्रांताच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून पालिकांना तसा अधिकार दिला. त्याच वर्षी अनेक पालिकांनी एकत्र येऊन सामाईक रुग्णालय बांधण्यास अनुमती देणारा कायदाही झाला. 'पालिकेचा डॉक्टर' ही पद्धत पुढे प्रांतात पसरत गेली. १९३० नंतरच्या दशकात गव्हाचे भाव कोसळले, अवर्षणाने शेते धुळीने भरली. त्या काळात अनेक गावांना या पद्धतीनेच आधार दिला.

मॅकिलॉप या ग्रामीण पालिकेचे प्रमुख मॅट अँडरसन हे नॉर्वेहून आलेले शेतकरी. आपल्या मूळ देशातील आरोग्य विम्याची त्यांना माहिती होती. डॉक्टरांची फी व रुग्णालयाचा खर्च हे दोन्ही पालिकेच्या वर्गणीतून भागवावेत, अशी योजना त्यांनी आखली. त्यासाठी ते वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत राहिले आणि १९३९ मध्ये प्रांताने तसा कायदा केला.

यापुढची कामगिरी एका चिटणिसाची आहे. विल्यम बुराक हे पिटव्हिल पालिकेचे चिटणीस-खजिनदार; आपल्याकडील ग्रामसेवकाशी त्यांच्या कामाचे पुष्कळ साम्य. एकेका पालिकेने स्वतंत्रपणे डॉक्टर ठेवण्यापेक्षा साऱ्या पालिकांनी मिळून एकच आरोग्य विभाग करावा, असे त्यांना वाटे. त्यांनी शेजारच्या पालिकांना पत्रे लिहिली, सभा घेतल्या, लोकांची मने वळविली. १९४५ च्या अखेरीस मतदान झाले आणि लोकांनी कौल दिला. १ जुलै १९४६ रोजी स्विफ्ट करंट आरोग्य विभागात डॉक्टर व रुग्णालय या दोन्ही सेवा सर्व रहिवाशांना विम्यातून मिळू लागल्या. उत्तर अमेरिकेतील अशा स्वरूपाची ही पहिली सार्वत्रिक योजना होय. तिचा पैसा माणशी आकारलेल्या करातून व जमिनीवरील करातून येत असे.

या प्रयोगाचे महत्त्व पुढे कळून आले. 'हे कागदावर छान दिसते, पण चालणार नाही' असे जेव्हा जेव्हा म्हटले गेले, तेव्हा तेव्हा स्विफ्ट करंटच्या हिशेबाच्या वह्या पुढे ठेवता आल्या.

प्रांताचे पाऊल

१९४४ च्या जुलै महिन्यात टॉमी डग्लस हे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि धर्मोपदेशकाचा व्यवसाय करून राजकारणात आलेला हा गृहस्थ लहानपणी पायाच्या हाडाच्या विकाराने अंथरुणाला खिळला होता. घरची गरिबी. पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठरले होते. विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी रुग्ण म्हणून एका नामांकित शल्यविशारदाने त्याला विनामूल्य घेतले, आणि पाय वाचला. मुलाचा पाय राहावा की जावा हे बापाच्या खिशावर किंवा एखाद्या डॉक्टरच्या मर्जीवर अवलंबून असू नये, ही खूणगाठ डग्लस यांनी तेव्हापासून मनाशी बांधली, असे ते पुढे सांगत.

सत्तेवर येताच आरोग्य खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासाचे अध्यापक डॉ. हेन्री सिगरिस्ट यांना प्रांताच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी बोलाविले. ऑक्टोबर १९४४ मध्ये सिगरिस्ट यांचा अहवाल आला. याच सिगरिस्ट यांच्याशी आपल्या देशाचाही संबंध आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

तथापि सर्व काही एकदम करावयाचे नाही, असे धोरण ठेवण्यात आले. १ जानेवारी १९४७ पासून केवळ रुग्णालय विमा सुरू झाला. वर्गणी माणशी वर्षाला ५ डॉलर आणि कुटुंबाला अधिकात अधिक ३० डॉलर. दहा वर्षांनंतर, १९५७ साली, केंद्र सरकारने कायदा करून प्रांतांच्या रुग्णालय विम्याचा सुमारे निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले आणि १९६१ पर्यंत दहाही प्रांत त्यात सामील झाले. त्यामुळे सस्कॅचेवानच्या तिजोरीवरील ताण कमी झाला आणि उरलेली बाजू, म्हणजे डॉक्टरांची फी, हाती घेण्याइतका पैसा मोकळा झाला. डिसेंबर १९५९ मध्ये डग्लस यांनी ही योजना जाहीर केली. १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली आणि त्यांचा पक्ष विजयी झाला. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा संमत झाला. त्याच महिन्यात डग्लस नव्या पक्षाचे नेतृत्व करण्यासाठी केंद्रीय राजकारणात गेले आणि योजना अमलात आणण्याची जबाबदारी वुड्रो लॉइड यांच्यावर आली. लॉइड हे मूळचे शाळाशिक्षक.

तेवीस दिवस

डॉक्टरांचा विरोध कडवा होता. त्यांचे म्हणणे सर्वस्वी स्वार्थाचे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पैसा देणारा एकटा शासनच राहिला, तर उद्या तो रुग्ण कसा तपासावा हेही सांगू लागेल, अशी त्यांना भीती होती. ही भीती दूर करण्याइतका संवाद दोन्ही बाजूंत उरला नव्हता. ३ मे १९६२ रोजी लॉइड डॉक्टरांच्या सभेत स्वतः गेले, तेव्हा त्यांची हुर्यो उडविण्यात आली. १८ जूनच्या संसदीय निवडणुकीत रेजायना या राजधानीच्या मतदारसंघात खुद्द डग्लस यांचा पराभव झाला.

१ जुलै १९६२ रोजी योजना अमलात आली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. काही ठराविक रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू होती. पहिल्याच दिवशी एक शेतकरी दांपत्य आपल्या नऊ महिन्यांच्या आजारी बालकाला घेऊन डॉक्टरच्या शोधात गावामागून गाव मागे टाकीत गेले; रुग्णालयाशी पोहोचेपर्यंत बालक दगावले. ही बातमी देशभर गेली. शासनाला ती झोंबली आणि डॉक्टरांनाही. कायद्याचे कलम आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य यांच्या वादात किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्या एका घटनेने सर्वांना दाखवून दिले.

शासनाने ब्रिटनमधून व अन्य ठिकाणांहून डॉक्टर आणले. योजनेच्या बाजूच्या नागरिकांनी सहकारी तत्त्वावर सामुदायिक दवाखाने उघडले. विरोधकांनी ११ जुलै रोजी रेजायना येथे विधिमंडळावर मोर्चा काढला. लाखाच्या निम्म्याने माणसे येतील अशी हवा होती, प्रत्यक्षात चार-पाच हजारच आली. लोकमताचा काटा हळूहळू फिरत होता.

अखेर ब्रिटनमधील लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली. ते स्वतः डॉक्टर आणि तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या उभारणीशी संबंधित. दोन्ही पक्ष एका खोलीत बसावयास तयार नव्हते. म्हणून हा गृहस्थ एकाचे म्हणणे दुसऱ्याकडे पोहोचवीत फेऱ्या घालीत राहिला. २३ जुलै १९६२ रोजी सस्काटून येथे करार झाला. डॉक्टर शासनाचे नोकर होणार नाहीत, प्रत्येक सेवेबद्दल फी घेण्याची त्यांची पद्धत कायम राहील, ज्याला योजनेबाहेर राहावयाचे त्याला राहता येईल, हे शासनाने मान्य केले. सर्व नागरिकांसाठी एकच सार्वजनिक विमा असेल, हे डॉक्टरांनी मान्य केले. काही वर्षांतच बहुतेक डॉक्टर योजनेकडूनच पैसे घेऊ लागले. कारण बुडीत बिले आता उरली नव्हती. १९६४ साली लॉइड यांचा पक्ष सत्तेवरून गेला. परंतु त्यांच्या जागी आलेल्या विरोधी पक्षाने योजना रद्द केली नाही. लोकांच्या अंगवळणी पडलेली आणि उपयोगी ठरलेली योजना मोडण्यास सहसा कोणी धजत नाही.

प्रांताचा कायदा देशाचा झाला

सस्कॅचेवानचे लोण पसरू नये म्हणून कॅनडाच्या वैद्यक संघटनेने केंद्राकडे चौकशी आयोगाची मागणी केली होती. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी १९६१ मध्ये न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने १९६४ साली दिलेला अहवाल मात्र अपेक्षेच्या उलट निघाला. सस्कॅचेवानच्या धर्तीवरील विमा साऱ्या देशात असावा, अशी शिफारस त्याने केली.

येथे घटनात्मक अडचण होती. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे. कॅनडातही १८६७ च्या घटनेपासून रुग्णालये प्रांतांकडे आहेत. केंद्र प्रांतांना हुकूम देऊ शकत नव्हते. पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांच्या सरकारने यावर तोड काढली. चार अटी पाळणारी विमा योजना जो प्रांत चालवील, त्याच्या खर्चाचा सुमारे निम्मा भाग केंद्राने द्यावा, एवढेच कायद्यात म्हटले. योजनेचे प्रशासन सार्वजनिक असावे. तीत डॉक्टरांच्या सर्व आवश्यक सेवा याव्यात. ती सर्व रहिवाशांना लागू असावी. आणि माणूस एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला तरी तिचा लाभ तुटू नये, अशा या चार अटी होत्या. डिसेंबर १९६६ मध्ये कनिष्ठ सभागृहात विधेयक १७७ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. अर्थखात्याच्या आग्रहाने अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलून १ जुलै १९६८ ही तारीख ठरली. त्या दिवशी दोनच प्रांत तयार होते. ऑन्टॅरिओसारख्या श्रीमंत प्रांताने विरोध केला. परंतु आपल्या करदात्यांचा पैसा केंद्राकडे जातो आणि परत येत नाही, हे पाहून तोही १९६९ मध्ये सामील झाला. १९७१ च्या प्रारंभी दहाही प्रांतांत योजना लागू झाली होती.

१९८४ चा कायदा : पाचवी अट

एवढ्याने कार्य संपले नाही. १९७७ मध्ये केंद्राने खर्चाच्या निम्म्या वाट्याऐवजी ठोक अनुदान देण्यास सुरुवात केली आणि प्रांतांवरील त्याची पकड सैल झाली. काही डॉक्टर दरपत्रकापेक्षा जास्त रक्कम रुग्णांकडून घेऊ लागले. काही रुग्णालये दर दिवसाचे शुल्क आकारू लागली. न्यायमूर्ती हॉल यांना पुन्हा पाहणीस पाचारण करण्यात आले. अशी जादा आकारणी चालू राहिल्यास श्रीमंतांची एक आणि गरिबांची दुसरी अशा दोन पंक्ती पडतील, असा इशारा त्यांनी १९८० साली दिला.

आरोग्यमंत्री श्रीमती मोनिक बेगँ यांनी यावर आणलेला 'कॅनडा आरोग्य कायदा' एप्रिल १९८४ मध्ये संमत झाला. कनिष्ठ सभागृहात त्याला एकमुखी पाठिंबा मिळाला. पूर्वीच्या चार अटींना सुलभतेची पाचवी अट जोडण्यात आली : सेवा मिळविताना रुग्णाच्या वाटेत पैशाचा अडसर असता कामा नये. तिची अंमलबजावणी साधी आणि परिणामकारक होती. प्रांतात जितक्या डॉलरची जादा आकारणी होईल, तितकेच डॉलर केंद्राच्या अनुदानातून कापले जातील; तीन वर्षांत ही प्रथा बंद केल्यास कापलेली रक्कम परत मिळेल. ऑन्टॅरिओत डॉक्टरांनी १९८६ मध्ये पंचवीस दिवसांचा संप केला. तरीही १९८७ पर्यंत सर्व प्रांतांनी जादा आकारणी थांबविली आणि कापलेले सुमारे २४ कोटी डॉलर त्यांना परत देण्यात आले. कायद्यातील तत्त्व अनुदानाशी जोडले गेले, म्हणूनच ते टिकले.

उणी बाजू

या योजनेत सारे काही आलबेल आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. सार्वजनिक निधीतून कॅनडाच्या एकूण आरोग्य खर्चाचा साधारण ७० टक्के भाग भागतो; उरलेला नागरिक स्वतः अथवा खाजगी विम्यातून भागवितात. कारण १९६६ आणि १९८४ या दोन्ही कायद्यांच्या केंद्रस्थानी डॉक्टर आणि रुग्णालय हेच होते. घरी घ्यावयाची औषधे, दातांचे उपचार, चष्मा या गोष्टी बाहेर राहिल्या. ही उणीव भरून काढण्याची सुरुवात अगदी अलीकडची. दंतसेवेची केंद्रीय योजना डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि औषधांविषयीचा कायदा ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत झाला.

दुसरी उणीव प्रतीक्षेची. तातडीचा नसलेला शस्त्रक्रियेचा रुग्ण महिनोन्‌महिने थांबतो. अनेक कुटुंबांना नेहमीचा डॉक्टर मिळत नाही. दुर्गम भागांत आणि मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत सेवा अपुरी पडते. २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेक प्रांतातील एका खटल्यात असा निर्णय दिला की, सार्वजनिक सेवेत रुग्णाला अवाजवी काळ थांबावे लागत असेल, तर खाजगी विम्यावरील बंदी त्या प्रांताच्या हक्कसनदेशी विसंगत ठरते. पैशाचा अडसर दूर केला म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि खाटा आपोआप निर्माण होत नाहीत, हा यातील बोध आहे.

शेजारच्या देशातील विधेयक

कॅनडाचे शेजारी राष्ट्र अमेरिका. तेथे हाच विचार संसदेपुढे वारंवार आला आहे. वॅग्नर, मरे आणि डिंगेल या तीन सदस्यांच्या नावाने ओळखले जाणारे राष्ट्रीय आरोग्य विम्याचे विधेयक १९४३ साली मांडले गेले. अध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये संसदेस संदेश पाठवून राष्ट्रीय विम्याचा पुरस्कार केला. यश आले नाही. १९६५ मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' ही सार्वजनिक विमा योजना झाली. अध्यक्ष जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या गावी जाऊन त्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पहिले पत्र वृद्ध ट्रुमन यांच्या हाती दिले.

वृद्धांना मिळते ते सर्वांना मिळावे, असे सांगणारे विधेयक प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी २००३ साली मांडले. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी २०१७ मध्ये आणि चेन्नई येथे जन्मलेल्या प्रतिनिधी प्रमिला जयपाल यांनी २०१९ मध्ये त्याचे नवे मसुदे मांडले. त्यानंतरही ते पुन्हा पुन्हा मांडले गेले. जयपाल यांच्या मसुद्यानुसार दोन वर्षांत सर्व रहिवासी एकाच सार्वजनिक विम्याखाली यावयाचे, औषधे व दंतसेवाही त्यात यावयाच्या आणि त्याच सेवांसाठी खाजगी विमा विकण्यास मनाई व्हावयाची. म्हणजे कॅनडाच्या कायद्याहूनही हे विधेयक व्यापक आहे. ते आजवर संमत झालेले नाही.

याची कारणे विचार करण्याजोगी आहेत. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर निर्बंध असल्यामुळे तेथील मालकांनी कामगारांना विमा देऊ केला आणि तीच रीत रूढ झाली. कोट्यवधी कुटुंबांच्या हाती काहीतरी विमा आहे; तो सोडून नवे स्वीकारण्यास मन कचरते. विम्याचा हप्ता वाचेल हे डोळ्यांना दिसत नाही, कर वाढेल हे मात्र चटकन दिसते. शिवाय सस्कॅचेवानसारखी पायवाट तेथे कोणत्या राज्याने पाडून दिली नाही. व्हरमाँट या छोट्या राज्याने २०११ मध्ये तसा कायदा केला. पण लागणाऱ्या करांचा आकडा समोर येताच २०१४ च्या अखेरीस तो बेत सोडून द्यावा लागला. सस्कॅचेवानने ग्रामपालिकेपासून प्रांतिक विम्यापर्यंत सुमारे अर्धे शतक घेतले होते, हे येथे आठवावे.

आपल्या संदर्भात

आता डॉ. सिगरिस्ट यांच्याकडे वळू. सस्कॅचेवानचा अहवाल दिल्यानंतर त्याच वर्षी ते भारतात आले. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीने त्यांना सल्ल्यासाठी निमंत्रण दिले होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय मदतीवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात अग्रभागी मांडले. कॅनडातील माळरानाने आणि आपल्या देशाने एकाच सुमारास एकच प्रश्न हाती घेतला होता, असे म्हणता येईल. आपल्याकडे त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी झाली, तेथे विम्याची.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. खाजगी रुग्णालयाने उपचार करावयाचे आणि ठरलेल्या दराने बिल सार्वजनिक निधीने चुकते करावयाचे, या अंगाने तिचे एकदाता पद्धतीशी नाते आहे. फरकही ध्यानात ठेवावयास हवा. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे. गावातल्या डॉक्टरची रोजची फी आणि औषधाचे पैसे तीत येत नाहीत. सस्कॅचेवानने दोन टप्प्यांत, १९४७ आणि १९६२ मध्ये, जे केले त्यातील पहिल्या टप्प्याशी ती अधिक मिळतीजुळती आहे.

परदेशातील योजना उचलून येथे लावता येत नाही. देशाची संपत्ती, लोकसंख्या, डॉक्टरांची संख्या, सारेच निराळे. परंतु काही गोष्टी कोठेही लागू पडाव्यात. पैसा आजार येण्यापूर्वी गोळा व्हावयास हवा, नंतर नव्हे. हिशेब चोख आणि सर्वांना पाहता येण्याजोगा हवा. सेवा देणाऱ्यांशी बोलणे तुटू देऊ नये. तुटले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. आणि अनुदानाला अट नसेल, तर उत्तमातले उत्तम तत्त्वही कागदावरच राहते.

कॅनडाच्या आरोग्य कायद्याचे श्रेय बहुधा टॉमी डग्लस यांना दिले जाते. २००४ साली तेथील नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने घेतलेल्या लोकमतात सर्वश्रेष्ठ कॅनेडियन म्हणून त्यांनाच सर्वाधिक मते पडली. ते योग्यच आहे. पण त्यांच्या आधी तीस वर्षे एका पालिकेच्या सभासदांनी, आपला एकुलता एक डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून, जमिनीच्या करातून त्याचा पगार देण्याचा ठराव केला होता. आपण एका देशाच्या कायद्याची पायाभरणी करीत आहोत, याची त्यांना कल्पनाही नसेल. गावाची गरज त्यांना समजली होती आणि ती भागविण्यासाठी हाती असलेला अधिकार त्यांनी वापरला. जेथे अधिकार अपुरा पडला, तेथे तो मागून घेतला. लोकप्रतिनिधी, शिक्षक व सेवक यांनी या इतिहासातून घेण्याजोगे एवढे तरी निश्चित आहे.